माझ्या येण्याचा शब्द

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज चारचौघांत माझं नाक कापलं गेलं. सांगायला कुणी नाही म्हणून ही वही आणली. घरी सांगायची सोय नाही. घरात माझा शब्द चालतो. बाहेर आपल्याला कुणी झापलं, हे त्याच घरात कुठल्या तोंडाने सांगायचं?

सव्वीस वर्षं या कलादालनाच्या मोठ्या हॉलची देखरेख माझ्याकडे आहे. चित्रं आली, पुतळे आले, एकदा तर नुसती वाळू आली आणि माणसं रांग लावून वाळू बघून गेली. मी कशालाच नाक मुरडलं नाही. पण या खेपेला पत्र्याची बेचाळीस खोकी आली आहेत. बुटाच्या खोक्याएवढी, तीन-तीन पायांवर उभी. आत म्हणे कान आहेत, माणसाच्या अंगाची ऊब ओळखणारं काहीतरी आहे, जमिनीचा हादरा टिपणारं काहीतरी आहे. वर एक लहानशी लाकडी हातोडी आणि एक दिवा. ती दिवसभर आपल्याच झाकणावर ठोके मारत बसतात. एकाने मारला की दुसरं मारतं, मग तिसरं. असं करता करता ती आपापसांत एक भाषा तयार करणार आहेत, असं हे काम करणाऱ्या बाई म्हणतात. आम्ही इथे माणसांना ‘रांगेत या’ हे एका भाषेत समजावताना मेटाकुटीला येतो.

दुपारी दारापाशी असलेलं एक खोकं थांबेचना. मी फोनवर होतो, समोरच्याचं ऐकू येईना. किल्ल्यांचा जुडगा हातात होता, तोच त्याच्या झाकणावर हाणला. एकदाच. गप्प बसलं. वळून बघतो तर बाई मागे उभ्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. तिकीट-खिडकीवरचा कारकून, झाडलोट करणाऱ्या मावशी, विजेचं काम करणारे दोघं, सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “कुणी बोलत असलं की तुम्ही नेहमी असंच करता का?”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

संचालकांनी बोलावून घेतलं. बाईंची माफी मागा म्हणाले. मागितली. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे शब्द बाहेर पडले. बाई मात्र लगेच निवळल्या, खुर्ची ओढून दिली आणि तासभर समजावत बसल्या.

त्यांनी खोक्यांना एकही शब्द शिकवलेला नाही. एकाला जे जाणवलं ते दुसऱ्याला कळवायचं, एवढीच ओढ त्यांच्यात घातली आहे. कसं कळवायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. आधी नुसता गोंधळ होता. आता काही ठोके सगळ्यांना ठाऊक झाले आहेत. खूप माणसं एकदम आली की एक ठोका, दार उघडून वारा आत आला की दुसरा. मावशी कोरड्या फडक्याने त्यांना पुसतात, तर मावशींसाठी हातोडीची एक लांब, हळू घरघर आहे. ती ऐकली की आजूबाजूचे दिवे जरा मोठे होतात.

“आणि हातोडीला जोरात धक्का बसला तर?” मी विचारलं.

“तर आतलं काही तुटू नये म्हणून खोकं गप्प बसतं. तेवढं मीच त्यांना दिलंय.”

मी मान डोलावली. पुन्हा लाज वाटली. पण मनात म्हटलं, खोक्याच्या जिवासाठी एवढं? माणसाला कुणी इतकं जपत नाही.

संध्याकाळी घरी आलो. अख्ख्या इमारतीत मला मान देतात त्या एकट्या खालच्या वहिनी. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की त्यांची दारातून खणखणीत हाक, “आलात का, भाऊजी!” किती वर्षं झाली, एक दिवस चुकलेल्या नाहीत. आज त्या हाकेने जरा बरं वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

काल प्रदर्शन सुरू झालं. गर्दी चांगली. मी खोक्यांपासून चार हात लांब राहिलो.

काल घरी मात्र डोकं फिरलं. ही आणि पोरगी सकाळपासून हिच्या धाकट्या बहिणीकडे गेलेल्या. मी आलो तेव्हा जेवण झाकून ठेवलेलं, गार. दोघी संध्याकाळी उशिरा रिक्षातून उतरल्या. बहिणीकडे जायला बसने अर्धा तास लागतो, रिक्षा कशाला? बोललो. जरा जास्तच बोललो. ही पाण्याचा तांब्या उजव्या हाताने उचलत होती, डावा अंगाशी धरून. काय झालं विचारलं तर म्हणाली, “झोपेत अवघडलाय.” रात्रीपासून पोरीच्या खोलीत झोपते. खोकल्याने तुमची झोपमोड नको, म्हणे. खोकला मला तरी ऐकू आला नाही.

पोरगी चोवीस वर्षांची आहे, कमावती आहे, आणि माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन शब्दांत संसार करते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाई धावतच माझ्या टेबलापाशी आल्या. चेहरा लहान मुलीसारखा उजळलेला. “तुम्हाला माहीत आहे का,” म्हणाल्या, “तुमच्यासाठी एक शब्द आहे!”

दोन ठोके, मध्ये श्वासाएवढी फट, मग एक ठोका. मी दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्या रांगेतलं खोकं तो वाजवतं, आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे असा सगळ्या हॉलभर जातो. त्यांनी चार दिवस तपासून पाहिलं. इतर कुणासाठी तो वाजत नाही. कारकुनाला माझी टोपी घालून पाठवलं, वाजला नाही. माझं चालणं, किल्ल्यांची किणकिण, अंगाची ऊब, सगळं मिळून त्यांनी मला ओळखलं आहे. दिवसाला हजार माणसं येतात. त्यांत शब्द मिळालेली माणसं दोनच, मावशी आणि मी.

लाज वाटली खरी, आपण ज्याला हाणलं त्याने आपली आठवण ठेवावी याची. पण खोटं कशाला लिहू, छातीही फुगली. दिवसभर उगाच चार-पाचदा दारातून आत-बाहेर केलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वर्तमानपत्रात माझ्यावर चार ओळी आल्या. ‘यंत्रांनी ज्याला नाव दिलं तो माणूस.’ कात्रण घडी न पडू देता घरी नेलं.

खालून वहिनींची हाक झाली. वर चढत होतो तर आमच्या घरातून हसण्याचा आवाज. दोघींचा. पोरगी तर ठसका लागेपर्यंत हसत होती. मी दार उघडलं आणि आवाज थांबला. नळ बंद करावा तसा. टेबलावर पाण्याच्या पेल्यात फुलं. “कशाला?” म्हटलं. पोरगी म्हणाली, “उगीच.” उगीच कुणी फुलं आणतं? दोघींचे डोळे लाल होते. हसून हसून झाले असावेत. आणि स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन भांडं काळंठिक्कर पडलं होतं. दोन बायका घरात, आणि दूध जळतं! मी जे तोंड सोडलं ते जेवण होईपर्यंत. फुलं खिडकीबाहेर टाकली.

कात्रण टेबलावर ठेवलं होतं. झोपायला जाताना बघितलं, कुणी हात लावलेला नव्हता.

आता लिहिताना वाटतं, फुलं टाकायला नको होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय आतलं बाहेर पडायचं नाही.

आज बाईंनी खास कार्यक्रम ठेवला होता. साठ-सत्तर पाहुणे. मी इस्त्रीचा कोट घातला. बाईंनी माझी ओळख करून दिली आणि म्हणाल्या, “तुम्ही फक्त या दारातून समोरच्या भिंतीपर्यंत चालत जा.”

मी चाललो. दोन ठोके, फट, एक ठोका. माझ्या पुढे पुढे तो आवाज पळाला. आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं. आजवर मी तो कानाने ऐकून खूश होत होतो, डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. शब्द पोचला की खोक्याचा दिवा विझतो. हातोडी थांबते. मी दुसऱ्या रांगेपर्यंत पोचायच्या आत शेवटची रांग विझलेली होती. भिंतीपाशी पोचलो तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये माझ्या बुटांशिवाय आवाज नव्हता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारलं, “शब्दाचा अर्थ काय हो?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना टाळायचं होतं, हे मला दिसलं. पण साठ माणसं वाट बघत होती. म्हणाल्या, “नाव नाही म्हणता येणार ते. ‘तो आला, गप्प व्हा’ असं काहीतरी आहे. एक जण पुढच्याला सावध करतो.”

हशा पिकला. मीसुद्धा हसलो. ते हसू अजून तोंडात कडू लागतंय.

पाहुणे गेल्यावर बाईंना म्हटलं, “एकदा हात उगारला त्याची एवढी शिक्षा?” त्या मला त्यांच्या टेबलाशी घेऊन गेल्या. खोक्यांना बसलेला प्रत्येक धक्का नोंदवलेला असतो. खोकी मांडली तेव्हापासूनच्या दहा दिवसांत, बाईंना कळेपर्यंत, एकोणीस धक्के. सगळे मी हॉलमध्ये असतानाचे. मागे पहिल्या पानावर मी ‘एकदाच’ लिहिलं आहे. ते खोडत नाही. राहू दे तसंच.

मावशी फडकं पिळत होत्या. मी सहज म्हणून विचारलं, “मावशी, मी आलो की इथे खरंच सगळे गप्प होतात?”

मावशींनी वर न बघता विचारलं, “तिकीट-खिडकीवरचा तो कारकून पेन आपटतो ना साहेब, दोनदा?”

“हो. घाणेरडी सवय आहे त्याची.”

“सवय नाही ती,” मावशी म्हणाल्या, आणि बादली उचलून गेल्या.

२५ फेब्रुवारी, बुधवार

डोकं दुखत होतं म्हणून जेवणाच्या सुट्टीतच घरी आलो. घरी जे पाहिलं ते आज लिहवत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज रजा घेतली. सव्वीस वर्षांत न सांगता घेतलेली ही पहिली रजा. क्रमाने लिहितो.

काल दोनच्या सुमाराला इमारतीत शिरलो. खालच्या वहिनी दाराशी बसून डुलक्या घेत होत्या. मी तिसऱ्या पायरीवर असताना त्यांना जाग आली. धडपडत उठल्या आणि ओरडल्या, “आलात का, भाऊजी!” मी वळून पाहिलं. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती. जिन्याच्या वरच्या टोकाकडे बघत होत्या. पुन्हा ओरडल्या, आणखी मोठ्याने. घसा चिरला त्यांचा.

वरती कुणीतरी गुणगुणत होतं, ते ओळीच्या मधेच तुटलं. तो हिचा आवाज होता. ही गाते हे मी विसरलो होतो.

त्या पायरीवर मला कळलं. ती हाक मला मारलेली नव्हती, एकही दिवस. किती वर्षं मी ती मान म्हणून खिशात घालत होतो.

दार लोटलं. पोरगी घरात, कामावर गेलेली नव्हती. टेबलावर कापूस, कात्री, औषधाची बाटली आणि दवाखान्याची जाड फाईल. ही खुर्चीवर बसलेली, पदर ओढून घेत. डाव्या काखेखाली पट्टी. पोरीच्या हातात पट्टीचं दुसरं टोक. माझ्या तोंडातून एवढंच निघालं, “हे काय?” पण ते माझ्या आवाजात निघालं. माझा दुसरा आवाज नाही.

पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. हात थोडे बाजूला पसरून. मी काय करीन असं तिला वाटलं? मी हिच्या अंगावर कधी हात टाकलेला नाही. हे मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं, आणि त्याच वेळी कळलं की ते ओरडून सांगणं म्हणजे काय.

मी खाली बसलो. जमिनीवरच.

मग पोरीने सांगितलं. आईने सांगितलं नाही, पोरीने सांगितलं, साक्ष दिल्यासारखं, तारखांसकट. डिसेंबरात हिला गाठ लागली. जानेवारीत तपासलं. सात फेब्रुवारीला, शनिवारी, गाठ काढली. त्या दिवशी दोघी बहिणीकडे गेल्याच नव्हत्या. गाठ पुढे तपासायला पाठवली आणि दहा दिवस वाट बघायला सांगितलं.

“दहा दिवस?” मी विचारलं. “दहा दिवस तुम्ही दोघींनी…”

“सतराला कळलं,” पोरगी म्हणाली. “साधी गाठ आहे. काही वाईट नाही. आता फक्त जखम भरायची आहे.”

सतरा. मंगळवार. आज सकाळी ही वही काढून ते पान वाचलं. हसून हसून डोळे लाल, असं लिहिलं आहे मी. फुलं उगीच आणली होती, दूध जळलं होतं, आणि मी जेवण होईपर्यंत तोंड सोडलं होतं. माझी बायको जगणार आहे हे कळलेला दिवस होता तो, आणि मी भांड्याबद्दल बोललो.

काल शेवटी हिला विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

ही पट्टीकडे बघत राहिली. पोरगी काही बोलणार तेवढ्यात हिने हाताने थांबवलं. म्हणाली, “भूक लागली असेल तुम्हाला. वाढते.” आणि उठली.

१ मार्च, रविवार

तीन दिवस किल्ल्या खिशात रुमालात गुंडाळून ठेवतो आहे. रबरी तळाचे बूट घेतले. हॉलमध्ये सावकाश शिरतो. काही उपयोग नाही. दोन ठोके, फट, एक ठोका. रांगा विझत जातात.

आज बाईंना म्हटलं, “संचालकांना सांगून बदल करून घ्या. माझी ड्यूटी तळघरात लावा. ती तरी सुखाने बोलू देत.”

“थोडे दिवस जाऊ द्या,” त्या म्हणाल्या.

“मी तर बदललो ना? एक धक्का नाही की आवाज नाही.”

बाई जरा विचार करून बोलल्या. “हे बघा, पहिल्या रांगेतल्या त्या एकाला कदाचित वाटतही असेल, की आता घाबरायला नको. पण शब्द एकट्याचा नसतो. त्याने नाही वाजवला तर शेजारचं वाजवतं. मिळून ठरवलेला शब्द मिळूनच सोडावा लागतो. त्याला तुमच्या तीन दिवसांचं काय?”

मी म्हटलं, “किती दिवस लागतील?”

“मला नाही माहीत. मी त्यांना बोलायची ओढ दिली. विसरायचं कसं ते मलाही येत नाही.”

कारकुनाशी बोलायला गेलो होतो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. मला बघताच त्याने पेन दोनदा आपटला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ओशाळला आणि पेन टेबलाखाली लपवला. मी तसाच परत आलो. त्याने लपवावं हे जास्त लागलं.

घरी जाताना वहिनींना म्हटलं, “वहिनी, हाक मारत जा. थांबवू नका.” त्या पदराने तोंड पुसत आत गेल्या. त्यांना ती धमकी वाटली असेल का?

९ मार्च, सोमवार

आज हिची जखम डॉक्टरांना दाखवायची होती. आमचा हॉल सोमवारी बंद असतो. मी सकाळी कपडे करून तयार बसलो.

ही म्हणाली, “तुम्ही नको.”

“मी काही बोलणार नाही.”

“ते कळतं मला. पण तुम्ही बाजूला बसलात की मला डॉक्टरांना काही विचारता येत नाही. मी नुसती हो-हो करते.”

इतक्या शांतपणे म्हणाली की रागवायलाही जागा नव्हती. राग आला नाही असंही नाही. आला. जुन्या सवयीने आला, बुटाची नाडी बांधता बांधता उभा राहिला, आणि मी नाडी बांधतच राहिलो.

मग पोरीने मार्ग काढला. “फाटकापर्यंत या,” म्हणाली. “फाटकाच्या आत नाही.”

दोन तास दवाखान्याच्या फाटकाशी उभा होतो. तिथला पहारेकरी बोलका. त्याने विचारलं, “पेशंट कोण? बायकोला घेऊन आलात?”

“घेऊन नाही आलो. मागे आलोय.”

“भांडण?”

“नाही हो. भांडण असतं तर बरं होतं.”

त्याने मला त्याचं स्टूल दिलं. मी बसलो नाही. उभं राहणं निदान माझ्या हातात होतं. लोक जात-येत होते. एक माणूस बायकोचा हात धरून तिला एक-एक पायरी उतरवत होता आणि ती त्याच्यावर वैतागत होती, “अहो, पाय नाही मोडलाय माझा!” मी त्या माणसाकडे किती वेळ बघत राहिलो असेन कोण जाणे.

दोघी बाहेर आल्या. ही म्हणाली, “उन्हात उभे होतात?” एवढंच. रिक्षात मी पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी बसलो.

१५ मार्च, रविवार

प्रदर्शन संपलं. उद्या खोकी बांधून न्यायची. बंद करायच्या आधी बाईंनी मला एकट्याला हॉलमध्ये जाऊ दिलं. शेवटपर्यंत तोच शब्द वाजला. मी मधोमध उभा राहिलो आणि हललो नाही. बऱ्याच वेळाने, खिडकीजवळच्या एकाने हळूच एक ठोका मारला. दुसऱ्या कुणी उत्तर दिलं नाही. मी तसाच उलट पावलांनी बाहेर आलो.

बाई म्हणाल्या, “तुमच्यामुळे हे काम नावाजलं गेलं. मला त्याची शरम वाटते.”

मी म्हटलं, “तुम्हाला कशाला? ती माझ्या वाट्याची आहे.”

१६ मार्च, सोमवार

आजची गोष्ट आजच लिहून ठेवतो.

पोरगी कामाला गेली होती. ही गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली, चादरींचा ढीग खाटेवर टाकला. एकटीने घडी घालायला गेली, पण डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. पोरगी असती तर तिने दुसरं टोक धरलं असतं. ही क्षणभर थांबली आणि टोक माझ्याकडे केलं. मी धरलं. एकोणतीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून चादरीची घडी घातल्याचं मला आठवत नाही. उलटसुलट होत होतं. ही म्हणाली, “तसं नाही, तुमच्या बाजूने फिरवा.” फिरवलं.

दुसऱ्या चादरीला मी विचारलं. विचारायचं ठरवलेलं नव्हतं, निघून गेलं तोंडून. “मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, असं तुला वाटलं?”

ही चादर धरून उभी राहिली.

“पोरगी चार वर्षांची होती,” म्हणाली. “मला रोज चक्कर यायची. तुम्ही दवाखान्यात घेऊन गेलात. डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं, मी सांगायला लागले, तर तुम्ही मोठ्याने म्हणालात, ‘हिला काही झालेलं नाही. कामाचा कंटाळा आहे, नाटकं करते.’ बाहेर बाकावर माणसं बसली होती. सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरही हसले. मी घरी येऊन झाडू हातात घेतला.”

मला हे आठवत नाही. काहीही आठवत नाही. तो दवाखाना नाही, बाक नाही. मी खूप ताणून पाहिलं. वीस वर्षं हिने जे एका जागी धरून ठेवलं, ते मी त्याच दिवशी रस्त्यात टाकून आलो असणार. याची जी लाज वाटली तिच्यापुढे हॉलमधली, पाहुण्यांसमोरची लाज काहीच नव्हती.

मी म्हणायला गेलो, “मी तसं मनात ठेवून…”

“थांबा,” ती म्हणाली. “मला बोलू द्या.”

मी थांबलो.

मग ही बोलत राहिली. आवाज चढवला नाही, रडली नाही. चादरीची टोकं जुळवत, माझ्याकडे येत, माझ्या हातातली टोकं घेत, पुन्हा मागे जात बोलली. तिच्या आईच्या आजारपणात मी काय म्हणालो ते. पोरीचा निकाल लागला त्या दिवशी काय म्हणालो ते. जेवताना ताट सरकवलं होतं ते. शेजारी पाहुणे असताना, बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये. काही मला आठवलं. बरंचसं नाही. एका गोष्टीत तिची चूक होती. त्या दिवशी मी गावाला होतो, तसं म्हणणारा मी नव्हतोच. ती गोष्ट जिभेच्या टोकापर्यंत आली. गिळली. शंभरातली एक माझ्या बाजूने निघाली म्हणून काय मी ती मिरवत बसू?

पाच चादरी होत्या. पाचही झाल्या. चौकोनी, एकावर एक. ही त्या ढिगाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता ही आत जाईल आणि पुन्हा ‘भूक लागली असेल’ म्हणेल.

तिने वरची चादर उचलली, झटकून पूर्ण उलगडली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.